ऑटिझम असलेलं मूल पहिल्यांदा शाळेत जाताना : नागपूरच्या पालकांसाठी

तुमचं मूल तीन ते सात वर्षांचं आहे, डॉक्टरांनी 'ऑटिझम' म्हटलंय किंवा म्हणण्याच्या बेतात आहेत, आणि घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय आहे : शाळेचं कसं करायचं? त्या घरांसाठी हे लिहितेय. माझा मुलगा आता दुसरीत आहे, साध्या शाळेत. शेजारच्या दोन-चार घरांतून हेच प्रश्न वारंवार यायला लागले, म्हणून सगळं एका जागी मांडलंय.

माझं मत आधीच सांगून ठेवते. पहिल्या दोन वर्षांत मुळाक्षरं आणि पाढे मागे राहिले तरी चालतं. मूल शाळेचे तास फार न घाबरता काढतंय का, त्याला हवं-नको ते कुठल्याही मार्गाने सांगता येतंय का, आणि त्या इमारतीतल्या एका तरी मोठ्या माणसावर त्याचा विश्वास बसलाय का, एवढ्या तीन गोष्टी धरून चला. त्या जमल्या की अभ्यासाला जागा होते. त्या न जमवता घासून घेतलेला अभ्यास टिकत नाही.

पायरी १ : शंका आली की तपासून घ्या

"काहून घाई करतेस, याचे बाबाही चार वर्षांचे होईस्तोवर बोलत नव्हते," असं आजी म्हणेल. मायेने म्हणेल, पण तेवढ्यावर थांबू नका. नावाने हाक मारली तरी न वळणं, बोटाने न दाखवता तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेणं, गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसणं, आलेले शब्द पुन्हा जाणं, यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची प्रश्नावली असते. ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही.

सगळ्यात आधी कानाची तपासणी, म्हणजे बेरा टेस्ट, करून घ्या. ऐकू कमी येणारं मूलही हाकेला ओ देत नाही. त्यानंतर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर, किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, आणि सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरांची कमतरता नाही. सरकारीत मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमधलं एम्स आहे. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं कंपोझिट रिजनल सेंटर, म्हणजे सीआरसी, नागपुरात आहे हे बऱ्याच पालकांच्या गावीही नसतं. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात, आणि गरज दिसली तर मुलाला डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्यांनी अंगणवाडी ताईंना याबद्दल आवर्जून विचारावं. नागपूरच्या चकरा वाचतात.

पायरी २ : थेरपी निवडताना

तीन नावं कानावर पडतील : बोलण्यासाठी स्पीच थेरपी, हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ओटी, आणि शिकण्यासाठी स्पेशल एज्युकेशन. प्रत्येक मुलाला तिन्ही एकदम लागतातच असं नाही. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ओटीवाल्यांची राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

पहिल्याच भेटीत दोन प्रश्न टाका. "पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचंय?" आणि "मी आत बसू शकते का?" पहिल्याचं उत्तर "एकाग्रता वाढवू" असं मोघम आलं, तर पुन्हा विचारा. "दोन वस्तूंतली हवी ती बोट दाखवून मागेल" हे उत्तर धरण्यासारखं आहे. आणि दार लावून घेऊन पालकांना तासभर बाहेर बसवणाऱ्या सेंटरबद्दल मला आजही शंका आहे. आठवड्याच्या दोन-तीन तासांत मूल जे शिकतं, ते उरलेल्या वेळात घरी वापरलं तरच पक्कं होतं, आणि आत काय चाललंय हेच कळलं नाही तर घरी काय वापरणार?

"सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणारेही भेटतील. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नैतिकता मंडळाने ऑटिझमसाठी अशा उपचाराची शिफारस करता येत नाही, हे २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. दूध बंद, गहू बंद असले आहारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आपली मुलं तशीही चार-पाचच पदार्थ खातात, त्यातले दोन गेले तर उरतं काय?

भाषेबद्दल इथेच बोलते, कारण नागपुरात हा प्रश्न घरोघरी आहे. घरात मराठी, खाली खेळायला गेलं की हिंदी, शाळा इंग्रजी. "एकच भाषा ठेवा, मूल गोंधळेल" असा सल्ला सर्रास मिळतो. ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून दोन भाषांनी बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती तोडून घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलू नका. थेरपीची भाषा आणि घरची भाषा एक असेल तर उत्तम, एवढंच बघा.

मूल बोलत नसेल तर चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं अॅप सुरू करायला घाबरू नका. "चित्रं दाखवायची सवय लागली की बोलणारच नाही" ही भीती निराधार आहे. मागता आलं की चिडचिड उतरते, आणि बऱ्याच मुलांचं बोलणं त्यानंतरच वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अॅप मराठीत चालतं आणि फुकट आहे. ते नको असेल तर पाणी, शू, भूक, नको, दुखतंय, घरी अशा सहा गोष्टींचे फोटो काढून लॅमिनेट करून घ्या. सुरुवातीला तेवढे पुरतात.

पायरी ३ : कागद

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम स्पष्टपणे आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं, आणि दिलेल्या तारखेला मुलाला घेऊन जायचं. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा, आजवरचे सगळे रिपोर्ट सोबत, मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही.

तपासणीसाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. सत्तर ते एकशे सहा सौम्य, एकशे सात ते एकशे त्रेपन्न मध्यम, त्यापुढे तीव्र. त्यावरून टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट असते.

त्या दिवशी मूल थकेल, भुकेजेल, अनोळखी गर्दीत बिथरेल. डबा, पाणी, आवडतं खेळणं आणि सोबत एक जास्तीचं माणूस न्या, म्हणजे एकजण रांगेत आणि एकजण मुलाबरोबर बाहेर झाडाखाली. काही मुलं उलट तपासणीच्या खोलीत अगदी शहाण्यासारखी बसतात. म्हणून घरातले, वाढदिवसातले, बाजारातले छोटे व्हिडिओ मोबाईलमध्ये तयार ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहान वयात मिळालेल्या प्रमाणपत्राला बहुधा मुदत असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"शिक्का बसेल" म्हणून कित्येक घरं कागद करत नाहीत. मी म्हणेन, करून घ्या आणि कपाटात ठेवा. कुठे दाखवायचं ते तुमच्या हातात राहतं. नसेल तर दाखवायलाच काही नसतं. याच कागदावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना मिळते. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं, त्यात थेरपीच्या खर्चासाठीही ठरावीक रक्कम असते. नूतनीकरण विसरलात तर सगळं अडकतं, बिलं जपून ठेवा.

पायरी ४ : शाळा शोधणं

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित घटकात धरलं जातं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. चाळीस टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र लागतं. निवड सोडतीने होते. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. अर्ज शाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी निघतात, तेव्हा प्रमाणपत्राचं काम दिवाळीआधी उरकलेलं बरं.

सोडतीत नंबर न लागो, लागो, सरकारमान्य शाळेला केवळ दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम तेच सांगतं. एकतिसावं कलम सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. मात्र खरं सांगू? कायदा दाखवून प्रवेश मिळतो, वर्गातली माया मिळत नाही. दोन शाळांतून निवडायची मुभा असेल, तर जिथे मुख्याध्यापिकेने तुमच्या मुलाकडे बघून त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला, ती घ्या.

शाळा बघायला भर वर्गाच्या वेळी जा. बोर्ड कुठला, स्मार्ट क्लास आहे का, हे नंतर. आधी बघा एका वर्गात किती मुलं आहेत, बाई मोठ्याने ओरडतात का, वर्ग मैदानाला किंवा बँडच्या खोलीला लागून आहे का, संडास वर्गापासून किती लांब आणि कसला आहे, फाटकावर कोणी बसतं का. आपल्यातली काही मुलं दार उघडं दिसलं की निघतात. फाटक हा माझ्यासाठी पहिल्या तीनातला मुद्दा आहे. मग वर्गशिक्षिकेला एकच विचारा : "एखादं मूल रडून जमिनीवर लोळलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात "आम्ही खपवून घेत नाही" आलं की तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

साधी शाळा की विशेष शाळा, यावर घरात भांडणं होतात. विशेष शाळेत जाणं म्हणजे हरणं नव्हे. ज्याला अजून बसणं, शी-शू सांगणं, दुसऱ्याजवळ असणं जमत नाही, त्याला एक-दोन वर्षं छोट्या गटात घालून मग साध्या शाळेत आणणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांची मुलं उशिरा येऊनही नीट रुळली. पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी येतात. ते कधी येतात आणि किती शाळा सांभाळतात, हे विचारून ठेवा.

पायरी ५ : उन्हाळ्यातली तयारी

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पंचेचाळीस अंशांत बाहेर पडणं होत नाही, म्हणजे घरात भरपूर वेळ असतो. तो मुळाक्षरांत घालवू नका.

गणवेश आधीच घ्या आणि तीन-चारदा धुवा, म्हणजे कापड मऊ पडतं. मानेमागचं लेबल मुळापासून उसवा, कापलं तर टोक टोचतं. लेसचे बूट नकोत, वेल्क्रोचे घ्या. दुपारी अर्धा तास तो गणवेश घालूनच कार्टून बघू द्या. डबा रोज स्वतः उघडायला लावा, त्याच डब्यातून, त्याच चटईवर बसून. पहिल्या महिन्यात डब्यात फक्त खात्रीचे पदार्थ, पोषणाचे प्रयोग दिवाळीनंतर. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि घरी कमोड, तर नातेवाइकांकडे नेऊन सवय करा. हे सांगायला कोणी थेरपिस्ट बसत नाही, आणि पहिल्या आठवड्यात अडतं ते नेमकं इथेच.

शाळेची परवानगी काढून फाटक, वर्ग, बाक, संडास, पाण्याचा नळ, बाई आणि मावशी यांचे फोटो काढा. फोटोंची छोटी वही करा आणि रोज रात्री गोष्टीसारखी वाचा : "हे फाटक. इथे बाबा टाटा करणार. ही मावशी, ही हात धरणार. मग डबा. मग बाबा परत येणार." शेवटचं पान चुकवू नका. 'परत येणार' हे ज्या मुलाला ठाऊक असतं ते वेगळ्या तऱ्हेने रडतं. व्हॅनने जाणार असेल तर व्हॅनवाल्या काकांचाही फोटो हवा, आणि त्यांना मुलाबद्दल समोर बसवून सांगायला हवं. बसायची जागा रोज तीच ठेवा म्हणावं.

पायरी ६ : बाईंना द्यायचं एक पान

वीस पानांचा रिपोर्ट कोणी वाचत नाही. चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना एक पान द्या, मोठ्या अक्षरात. आमचं साधारण असं होतं :

"मला आगगाड्या आणि मेट्रो आवडते. मला शब्दांपेक्षा चित्र लवकर कळतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजा, मी उत्तर देईन. मी तुमच्या डोळ्यांत बघत नसलो तरी ऐकत असतो. कानांवर हात ठेवले की आवाज जास्त झालाय. तेव्हा मला दाराबाहेर पाणी प्यायला पाठवा, मी परत येतो. मागून येऊन धरू नका. माझं रडणं वाढलं तर बोलणं कमी करा. पांढरा भात आणि पोळी खातो, भाजीचा आग्रह नको."

मागे आईचा आणि बाबांचा फोन. एक प्रत मावशीला, एक व्हॅनवाल्या काकांना. मावशींना विसरू नका. शू आणि डबा त्यांच्याच हाती असतो, आणि पहिल्या वर्षात त्यांच्याइतका मुलाचा अंदाज कोणालाच येत नाही.

सोबत बाकावर चिकटवायला दिवसाची चित्रपट्टी : प्रार्थना, गणित, डबा, मराठी, खेळ, घर. आमच्याकडे ती मेट्रोच्या नकाशासारखी केली. मुलगा तेव्हा मेट्रोतली घोषणा दिवसभर म्हणत असे. खापरीकडून आलं की रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, सीताबर्डी, हा क्रम तोंडपाठ. ते बंद करायचा सल्ला मिळाला होता. बाईंनी उलट तेच वापरलं. तास संपत आला की त्याच्या बाकापाशी जाऊन हळूच म्हणायच्या, "पुढील स्थानक, गणित." तो पट्टीवरचं चित्र उलटं करायचा आणि वही काढायचा. आधी प्रत्येक तास बदलताना जी रडारड होती ती निम्म्याहून कमी झाली. 'आधी-नंतर' ही कल्पना आणि पहिले वाचता आलेले शब्दही त्याच नकाशातून आले. मुलाचं वेड काढून घेण्याआधी त्यातून काय शिकवता येईल ते बघा. ज्यांच्या घरी गाडीवेडं पोट्टं आहे त्यांनी मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय एकदा दाखवावंच, गर्दी नसलेल्या सकाळी.

सुरुवातीला पूर्ण वेळ बसवायचा हट्ट धरू नका. पहिला आठवडा डब्यापर्यंत, मग हळूहळू पुढे. मूल रडायला लागायच्या आधी, चांगल्या मूडमध्ये असताना घरी आणायचं, म्हणजे शाळेची आठवण चांगली राहते. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलासाठी बसणारी मदतनीस, लागेल का, हे पहिल्या महिन्यानंतर ठरवा. ठेवलीत तर तिने मुलाच्या शेजारी न बसता थोडं मागे बसायचं, आणि उत्तर मुलाने बाईंनाच द्यायचं, हे पहिल्या दिवशी ठरवून घ्या. नाहीतर वर्गात एक मूल आणि त्याची खासगी शिकवणी असं चित्र होतं, आणि बाई त्याच्याकडे बघणंच सोडतात.

पायरी ७ : "आज परत त्रास दिला" असा फोन आल्यावर

येणारच. घाबरून माफी मागत सुटू नका, शाळेवर तुटूनही पडू नका. तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा : त्याच्या अगदी आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. दोन आठवड्यांच्या नोंदींत बहुतेक वेळा कारण दिसतं.

आमच्याकडे रोज साडेअकराच्या सुमारास ओरडणं सुरू व्हायचं. "गणिताचा कंटाळा" असं सगळ्यांचं मत पडलं. नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की गणिताचा तास नसलेल्या दिवशीही वेळ तीच. एका दिवशी मी व्हरांड्यात थांबले. साडेअकराला पोषण आहाराच्या स्टीलच्या थाळ्यांची चळत वर्गाच्या दाराबाहेर फरशीवर आदळली, आणि आतून किंकाळी आली. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून खाली पोतं अंथरलं आणि थाळ्या चार खोल्या पलीकडे ठेवल्या. गणित तेच राहिलं, ओरडणं थांबलं.

हट्ट आणि हे कोसळणं, म्हणजे आवाज-गर्दी सोसेनाशी होऊन भान सुटणं, यात फरक आहे. हट्टाचं मूल तुमच्याकडे बघत रडतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. कोसळलेल्या मुलाला त्या क्षणी काहीच नको असतं. तिथे समजावणं, शिक्षा, आमिष, यातलं काही पोचत नाही. आवाज कमी, माणसं कमी, आणि वेळ.

नागपूरच्या शाळेचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवलंत तर काही वादळं आधीच दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्याआधी शाळेत सजवलेले लाकडी बैल, वेशभूषा, गोंगाट. मूल बैलाची दोरी आनंदाने धरेल, पण फेटा आणि ताशा एकदम सोसणार नाही. त्यातलं एक निवडा. मग गणपती. हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या तालमी : तासिका मोडतात, लाऊडस्पीकर दिवसभर चालू, चित्रपट्टीला अर्थ उरत नाही. या काळात मूल दोन पावलं मागे गेल्यासारखं वाटतं. नाच बंद करून टाळ्या वाजवणाऱ्यांत बसू द्या, किंवा तालमीच्या वेळी घरी आणा, हे आधीच मागून घ्या. आणि मार्चमध्ये वर्गात कूलर सुरू होतो. आपल्याला तो आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, त्याला होत नाही. पहिल्या दिवशीच बाक कूलरपासून लांबच्या कोपऱ्यात हलवून घ्या.

पायरी ८ : प्रगती मोजायची कशी

सहामाहीच्या निकालपत्रावर बहुतेक रकान्यांत 'सुधारणेस वाव' असेल. ते बाजूला ठेवा. जुलैतच बाई, थेरपिस्ट आणि तुम्ही मिळून चार-पाच उद्दिष्टं कागदावर उतरवा. याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. भाषा मोजता येईल अशी हवी. 'लक्ष देईल' यातून काही कळत नाही. 'बाईंनी नाव घेतल्यावर तीनपैकी दोनदा वर बघेल', 'शू कार्ड स्वतः उचलून दाखवेल', 'रांगेत दोन मुलांमागे उभा राहील', 'फळ्यावरच्या एका ओळीऐवजी एक शब्द उतरवेल' असं लिहा. दर महिन्याला दहा मिनिटं बसून खूण करायची. जे जमलं त्याच्या पुढचं लिहायचं, जे तीन महिने जमलं नाही ते अर्धं करायचं.

प्रगती एका रेषेत येत नाही. शंभरपर्यंत मोजणाऱ्या मुलाला "तीन पेन्सिली दे" कळत नसेल. मराठी-इंग्रजी पाट्या घडाघडा वाचणाऱ्याला वाचलेल्याचा अर्थ कळत असेलच असं नाही, म्हणून वाचून झाल्यावर चित्रावर बोट ठेवायला सांगा. उलट, लिहिता न येणाऱ्याला उत्तर येत असतं. लिहिणं अवघड असेल तर तोंडी, चित्र जोडून किंवा पर्यायावर बोट ठेवून उत्तर घ्या, अशी विनंती लेखी करा. बोटांत जोर येण्यासाठी ओटी जे व्यायाम देतील ते पुरेत. कणीक मळणं आणि शेंगदाणे सोलणं हेही त्यातच येतं आणि स्वयंपाकघरात आपोआप होतं.

गृहपाठावरून रोज रडारड होत असेल तर वेळ ठरवा, पानं नको. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मग बंद. जेवढं झालं तेवढ्याखाली तुम्ही सही करा. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास काहीच विचारू नका. "आज काय केलं?" हा प्रश्न तर नकोच, चार तास धरून ठेवलेलं सगळं त्या वेळी सुटत असतं.

शेजारच्या प्रणव-अन्वीशी, मामेभावंडांशी तुलना होणार, लग्नात कोणीतरी "अजून बोलत नाही का?" विचारणार. एक छोटं उत्तर ठरवून ठेवा आणि तेच सगळ्यांना द्या : "ऑटिझम आहे, हळूहळू शिकतोय." घरात दुसरं मूल असेल तर त्याच्यासाठी आठवड्यातला एक तास फक्त त्याचाच ठेवा, थेरपीच्या दिवशीही तो मोडू नका.

वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, हे बाईंशी बोलून ठरवा. सात वर्षांच्या मुलांना "त्याला आवाजाचा त्रास होतो, म्हणून कान झाकतो" एवढं पुरतं. त्यानंतर एखादी मुलगी आपणहून त्याचं दप्तर उचलायला लागते. तिला सांगा, दप्तर त्याला उचलू दे, तू बरोबर चाल.

पायरी ९ : वर्ष बदलताना

नवी बाई, नवी खोली, कधी नवा मजला. सगळं जमलेलं जूनमध्ये पुन्हा सुटू शकतं, म्हणून हे काम मार्चमध्ये करा. जुन्या आणि नव्या बाईंना अर्धा तास एकत्र बसवा. एका पानाचं पत्र नव्याने लिहा. मागच्या वर्षीच्या ओळींपैकी निम्म्या आता खऱ्या नसतील, त्या काढा. खोली तळमजल्यावर आणि बँडपासून लांब हवी हे लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. परीक्षा संपल्यावर रिकाम्या नव्या वर्गात मुलाला एकदा नेऊन त्याच्या बाकावर बसवा, फोटो काढा. मे महिन्यात वहीत नवी पानं चिकटवायची, आणि प्रमाणपत्राची मुदत व निरामयचं नूतनीकरण तेव्हाच बघून घ्यायचं.